बिनतेलाची ताटली

मित्रांनो, मी एक जुनी क्लच प्लेट आहे. वसईजवळच्या सांडोरात ग्रेसीबायची वाडी आहे, तिथल्या रहाटाशेजारच्या खोपीत मी एका खिळ्याला टांगलेली असते. आकाराने मी जेवणाच्या ताटलीएवढी. मधोमध दातेरी भोक, त्याभोवती स्प्रिंगा आणि दोन्ही अंगांना खरबरीत अस्तर. ग्रेसीबाय मला ताटलीच म्हणते. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही.

माझं काम सोपं आहे. गाडीचं इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे आणि मी दोघांच्या मधे. पायाने क्लच दाबला की मी त्यांना वेगळं करते, पाय उचलला की पुन्हा जोडते. जोडताना घट्ट धरून ठेवावं लागतं, म्हणून माझं अस्तर कोरडं ठाक हवं. तेलाचा थेंब लागला की माझी पकड सुटलीच म्हणून समजा.

मी ग्रेसीबायच्या मुलाच्या, थॉमसच्या जीपमध्ये होते. केळीचे घड भरून आम्ही आगाशीच्या बाजाराला जायचो. थॉमसचा डावा पाय फार हलका. त्याने गिअर बदलला हे मागे बसलेल्या केळ्यांनासुद्धा कळायचं नाही. लग्नानंतर त्याने बायकोला, क्लेमेंटीनला, देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पटांगणात गाडी शिकवली. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटली की अख्खं गाव तिची गंमत बघत उभं राहायचं. तिने मला सुरुवातीला काय काय धक्के दिले ते सांगत नाही, घरचीच आहे ती.

मग ऐंशी साली थॉमस आखातात गेला आणि मी त्याच्या पायाला मुकले. क्लेमेंटीन गाडी नीट चालवायची, पण मला त्याच्या पायाची सवय होती. तीन वर्षं मी वाट पाहिली. तिने किती पाहिली ते तिलाच माहीत.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात त्याने बोलून भरलेली एक कॅसेट आली. 'वीस तारखेला येतोय. मला घ्यायला आपली जीपच आण. टॅक्सी आणलीस तर मी विमानातून उतरायचा नाही.' पण माझं अस्तर झिजून गेलं होतं, चढावर जीप नुसती ओरडायची. नाताळाच्या गर्दीत गॅरेजवाल्यांना सवड नव्हती. थॉमसला हे पत्रातून कळलं होतं, म्हणून क्लच घरीच कसा उतरवायचा तेही त्याने कॅसेटवर सांगितलं होतं.

झालं! फणसाखाली जीप उभी राहिली, टेपरेकॉर्डर बॉनेटवर बसला. पाचूबंदरचा श्रीपत, जो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, तो मदतीला आला.

'क्लेमी, आधी बॅटरीची तार काढ,' टेपमधून थॉमस म्हणाला. 'हसू नको, काढ.'

ती खरोखरच हसत होती. तिने तार काढली. मग चाकांकडे जाणारे दांडे सुटले, गिअरबॉक्सचे बोल्ट सुटले.

'वैनी, जरा पानी द्या, मंग हा धोंडा उतरवतो,' श्रीपत म्हणाला. खाली केळीच्या खोडाचे तुकडे अंथरले होते, त्यांच्यावर गिअरबॉक्स अलगद बसला. मला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट तिने थोडे थोडे करून सगळीकडून सारखे ढिले केले, आणि मी तिच्या हातात आले. वसईहून माझं अस्तर नवं ठोकून आणलं. मी पुन्हा तरुण झाले.

कॅसेटची पहिली बाजू संपता संपता थॉमस म्हणाला, 'बाकीचं मागच्या बाजूला.' क्लेमेंटीनने कॅसेट उलटली नाही. गेल्या नाताळालाही तो येणार होता आणि आला नव्हता. यंदाही आला नाही, तर त्याचा न ऐकलेला आवाज थोडा तरी हाताशी असावा, म्हणून तिने ती बाजू राखून ठेवली होती.

'उरलंय काय? काढलं तसंच बसवायचं,' ती श्रीपतला म्हणाली आणि दोघं जेवायला गेली.

तेवढ्यात ग्रेसीबाय आली. दर शनिवारी ती रहाटाला खोबरेल घालते, आणि तो शनिवार होता. पोराच्या गाडीची ताटली कोरडी पडलेली पाहून तिचा जीव कळवळला. तिने मला दोन्ही अंगांनी मायेने चोळलं. मी ओरडून काय सांगणार? जेवून आलेल्या दोघांनी मला तशीच बसवून टाकलं.

अठरा तारखेला जीप चालवून बघायला काढली, तर चिंचोटीपुढच्या चढावर इंजिन गर्जू लागलं आणि जीप जागची हलेना. खमंग वास सुटला.

'वैनी, करंज्या कोन तलतंय?' श्रीपत म्हणाला.

करंज्या नव्हत्या, मीच जळत होते. दोर बांधून जीप वाडीत ओढून आणली. विमान परवावर आलेलं. क्लेमेंटीन टेपसमोर बसली आणि तिने कॅसेट उलटली.

'प्लेटीला तेल लागू देऊ नको,' थॉमस म्हणाला. 'आणि आयवर लक्ष ठेव. ती रहाट समजून हिलाही तेल घालेल.'

ग्रेसीबाय तेलाचं डबडं घेऊन मागेच उभी होती. 'माझ्या पोराने मला तिथून बघितलं गो,' ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

टेप चालूच होती. 'इथल्या गाडीला क्लच नसतो, क्लेमी, गिअर आपोआप पडतात. डावा पाय नुसता पडून असतो. त्याला घरची फार आठवण येते.'

क्लेमेंटीनने टेप बंद केली. मग मला पुन्हा उतरवून पेट्रोलने धुतलं, पॉलिशपेपरने घासलं. वीस तारखेला घोडबंदरच्या चढावर मी जीव तोडून धरून ठेवलं आणि जीप विमानतळावर पोचवली. थॉमस आला. येताना क्लेमेंटीनच गाडी चालवत होती. ती क्लच दाबायची तेव्हा शेजारी बसलेल्या थॉमसचा डावा पायही रिकाम्या पत्र्यावर दाबला जायचा. हे तिने पाहिलं की नाही, ठाऊक नाही. मला मात्र पत्र्यातून कळलं.

महिनाभराची रजा होती. त्याने तिकडून आणलेली नवी प्लेट बसवली, मला पुसून खिळ्याला लावलं आणि तो परत गेला. आता ग्रेसीबाय शनिवारी रहाटाला तेल घालते आणि माझ्यापाशी येऊन म्हणते, 'तुला नाही गो ताटले, तुला नाही.' पलीकडे क्लेमेंटीन कॅसेटची मागची बाजू लावते. आता तिला ती राखून ठेवावीशी वाटत नाही.

मित्रांनो, एक विनंती आहे. क्लच दाबायचा तर पुरता दाबा, सोडायचा तर पुरता सोडा. तीन वर्षांतून एक महिना, असा अर्धाच सोडून ठेवू नका. फार झिजतं.