कोण आधी, कोण नंतर

ऑफिसात माझ्या हाताखालची मंडळी मला पाठीमागे सासूबाई म्हणतात. मला माहीत आहे, आणि ते काही खोटंही नाही. आमचं काम टेक्स्ट एडिटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नुसतं लिहायचं साधन. त्याला ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे जास्तीची पॅकेजं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम, जोडायची. एकेकटं पॅकेज गुणी असतं. दोन एका घरात आली की कुरबुरी सुरू. म्हणून माझा नियम आहे: नवीन पॅकेज आलं की आधीच्या प्रत्येकाशी त्याची जोडी लावून बघायची, कोण आधी चालेल आणि कोण नंतर ते फाइलीत लिहायचं, मगच त्याला कामाला लावायचं. हा नियम मोडला म्हणून एका चांगल्या जाणत्या माणसाला मी सगळ्यांदेखत रडवलं आहे.

घरी मीच तो मोडला.

माझ्या धाकट्या भावाचं अंग आजारानं हळूहळू गेलं. आधी पाय, मग वाचा, शेवटी उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. त्या बोटासाठी मी त्याला एडिटर बांधून दिला. एक पॅकेज त्याची जुनी वाक्यं लक्षात ठेवायचं. शब्द संपवून त्यानं मोकळी जागा सोडली की पुढचं वाक्य फिकट अक्षरांत सुचवायचं. हवं असेल तर बटण दाबायचं, नको असेल तर लिहीत राहायचं, फिकट अक्षरं निघून जायची. दुसरं पॅकेज कोणतं बटण कधी दाबलं याची नोंद ठेवायचं, बोट किती थकतंय ते डॉक्टरांना कळावं म्हणून. दोन वर्षं दोघं गुण्यागोविंदानं नांदली. "ताई, तू जा. मी ठीक आहे." हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी जरा घुटमळले की हेच, आणि वर "डोकं खाऊ नकोस."

मग एकदा वीज गेली आणि त्याचं सकाळभर लिहिलेलं पान उडालं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बघवेना. तिथल्या तिथे तिसरं पॅकेज टाकलं: बोट दोन सेकंद थांबलं की लिहिलेलं आपोआप जपून ठेवणारं. चाललं. जोड्या लावून बघायला अर्धा तास गेला असता, आणि मला ऑफिसला उशीर होत होता.

त्यानंतर बारा दिवसांनी तो गेला. त्या दुपारी चारला मी त्याच्या खाटेशी बसले होते. स्क्रीनवर ओळ उमटली, "ताई, तू जा. मी ठीक आहे." मी म्हटलं, "बरं बाबा, जाते," आणि पर्स उचलून निघाले. सहाला नर्सचा फोन आला.

आईनं ते वाक्य पदराशी बांधून ठेवलं. भेटायला येईल त्याला सांगायची, "शेवटपर्यंत ठीक होता हो. स्वतःच्या बोटानं लिहिलं त्यानं." दोन महिन्यांनी मला म्हणाली, "अगं, ती ओळ मला कागदावर छापून दे. मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय दिसेल अशी."

मी त्याची फाइल उघडली. शेवटची ओळ होती: "ताई, तू थांब. मी ठीक आहे."

मी 'जा' वाचलं होतं. माझे डोळे शाबूत आहेत. मग मी बटणांची नोंद काढली.

चार वाजून तीन मिनिटांनी त्यानं "ताई, तू" लिहिलं, जागा सोडली आणि थकलेलं बोट टेकवलं. बस. पुढचं त्यानं लिहिलंच नव्हतं. पहिल्या पॅकेजानं ते सुचवलं होतं आणि दोन सेकंदांनी तिसऱ्यानं ते त्याचंच समजून पक्कं केलं होतं. मी जिना उतरत होते तेव्हा तो ते एकेक अक्षर पुसत होता. वीस मिनिटं लागली. पुन्हा जागा सोडली, बोट टेकलं, पुन्हा तेच वाक्य उभं. पुन्हा पुसलं. मग त्याला खोड कळली असावी. त्यानं बोट थांबू दिलं नाही. 'थांब' हा शब्द सहा सेकंदांत लिहिला. कित्येक महिन्यांत त्यानं इतक्या वेगानं काही लिहिलं नव्हतं. पूर्णविराम दिला, जागा सोडली. मग बोट टेकलं ते टेकलंच. 'मी ठीक आहे' तेवढं मागून पॅकेजांनी जोडलं.

मी बाराही दिवस चाळले. "आज मला" एवढंच त्यानं सात वेळा लिहिलं होतं. "बरं वाटतंय" त्याचं नव्हतं. ते मी डॉक्टरांना कळवत राहिले होते, आणि त्यांनी औषध वाढवलं नाही. "ताई, हे" लिहून तो तीनदा अडला होता. पुढे "छान जमलंय" आलं होतं. ते वाचून मी खूश झाले होते, मेली. त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं तरी कळलं असतं. मी स्क्रीनकडे बघत होते.

चूक एका राहून गेलेल्या ओळीची होती: जपण्याआधी सुचवलेलं पुसा. ती ओळ लिहायला मी पॅकेजांची फाइल उघडली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "सापडली का गं?"

"सापडली," मी म्हटलं.

"त्याखाली अजून काही लिहिलंय का त्यानं?"

मला सांगायचं होतं. आईचं वय एक्याऐंशी आहे. माझ्यासाठी तो काय म्हणाला ते मला कळलं, आणि ते मी जन्मभर घेऊन फिरेन. पण तिच्याकडे त्या एका ओळीवाचून दुसरं काही उरलेलं नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "तेवढंच आहे."

दुरुस्ती न करता मी ती फाइल मिटली. नवीन पान उघडून "ताई, तू" लिहिलं, जागा सोडली आणि बोट उचललं. दोन सेकंदांत उरलेलं आपोआप पक्कं झालं. अक्षरं मोठी केली आणि छापायला टाकलं.