सात नसलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, तेव्हा घाबरू नका. माझ्याकडे पाढे नाहीत. मी चर्चमधला, गीतांच्या क्रमांकांचा फळा. रविवारच्या उपासनेत कोणती तीन गीतं गायची, त्यांचे आकडे माझ्यावर लावत. लोक वर बघत, गीतपुस्तक उघडत आणि बेसूर का होईना, पण सगळे एकच गीत गात. याचं श्रेय पाळकसाहेब देवाला देत. माझी त्याला हरकत नव्हती.

बाक करून उरलेल्या लाकडातून एका सुतारानं मला घडवलं. माझ्या अंगावर तीन आडव्या खाचा पाडल्या. आकडे पत्र्याचे होते, काळ्यावर पांढरे, प्रत्येक आकड्याचे तीन-तीन. ते खाचेत सरकवायचं काम चर्चच्या राखणदाराकडे होतं. घंटाही तेच वाजवत, म्हणून लहानथोर त्यांना घंटाकाका म्हणत. पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. ‘अक्षर कसं मोत्यासारखं आहे,’ लोक म्हणत. आकड्यांना अक्षर म्हटलेलं मला जरा खटकायचं, पण कौतुकात कुणी चुका काढत नाही.

मग माझे सात गेले.

पहिला सात काकांनी खिडकीच्या फटीत खोचला, कारण प्रवचन चालू असताना ती खडखडत असे. दुसरा पायपेटीच्या एका पायाखाली गेला, कारण ती डगमगत होती. तिसऱ्यानं त्यांनी रंगाचा डबा उघडला. डबा उघडला, सात मात्र असा वाकला की त्याला परत सात म्हणवेना. काकांनी ही गोष्ट फक्त पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या कानावर घातली. बाई भल्या होत्या. दर आठवड्याची गीतं त्याच निवडत. त्यांनी सात असलेली गीतं निवडणं बंद केलं आणि विषय संपला. पाच वर्षं मंडळीनं सातवं, सतरावं, सत्तरावं, एकही गीत गायलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. भक्तीत काही कमी पडतंय अशी तक्रारही आली नाही.

माझ्यासमोरच्या पहिल्या बाकावर काजमावशी बसत. शिंप्याच्या दुकानात त्या काज-बटणं करत, म्हणून हे नाव. त्यांची एकुलती एक मुलगी ठरलेलं लग्न मोडून एका फोटोवाल्याबरोबर निघून गेली होती. ‘पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस,’ असं मावशींनी तिला बजावलं होतं. मुलगी आईसारखीच हट्टी. तिनं ठेवलं नाही.

एका रविवारी सगळे गेल्यावर मावशी बाकावरच बसून राहिल्या आणि पुटपुटत प्रार्थना करू लागल्या. मुलीचं पत्र आलं होतं. फोटोवाला तिला सोडून गेला होता. ती गावातल्याच बसस्टँडसमोरच्या वसतिगृहात राहत होती. ‘आई, घरी येऊ का? महिनाभर वाट बघते. दूरच्या शहरात नोकरी मिळाली आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी पाऊणच्या बसनं मी कायमची जाईन.’

“देवा, माझं डोकं चालेनासं झालंय,” मावशी म्हणत होत्या. “माझी जाऊ म्हणते, बोलाव. दीर म्हणतात, बोलावलंस तर आमचा उंबरा विसर. शेजारीण मोबाईलवर भविष्य बघून सांगते, पुढच्या वर्षी बोलाव. फोन करावा तर पहिला शब्द सुचत नाही. आता तूच सांग. माझी पोर लहानपणी या बाकावर उभी राहून सत्तेचाळीस नंबरचं गीत म्हणायची. या चार रविवारांत ते फळ्यावर आलं, तर मी समजेन, तू तिला आण म्हणतोस. नाही आलं, तर नाही.”

मित्रांनो, लाकडाला घाम फुटत नाही म्हणून बरं.

पुढच्या रविवारी माझ्यावर आले बारा, अठ्ठ्याऐंशी आणि एकशे चार. मावशींनी तीनदा वाचले. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचले. पेटीच्या पायाखालून एका साताचा कोपरा बाहेर डोकावत होता. मला तो रोज दिसायचा. सहा पावलांवर होता. सहा पावलं चालायला पाय लागतात.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनाला येशूनं सांगितलेली ती गोष्ट घेतली: घर सोडून गेलेला मुलगा फाटक्या कपड्यांनी परत येतो, आणि म्हातारा बाप त्याला लांबूनच ओळखून धावत सुटतो. पाऊण तास ते बोलत होते. मागच्या बाकांवर नाकं पुसल्याचे आवाज आले. पहिल्या बाकावर मावशी माझ्याकडे बघत होत्या.

तिसऱ्या रविवारी मी बंड केलं. काका जुना चार काढायला आले, तेव्हा मी तो खाचेत गच्च धरून ठेवला. वाटलं, चार निघत नाही म्हटल्यावर शेजारी लावायला सात शोधतील. काकांनी मला एक चापट मारली आणि चार काढला.

चौथ्या रविवारी आलं सेहेचाळीस. सत्तेचाळीस अगदी दाराशी येऊन परत गेलं.

उपासना संपली, मंडळी पांगली. काका शिडी घेऊन आकडे काढायला आले. मावशी खालूनच म्हणाल्या, “काका, सत्तेचाळीस का हो लावत नाही कधी?”

काका शिडीवरच थबकले. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“काय सांगितलं?”

“सात नाहीत म्हणून.”

“नाहीत म्हणजे?”

“एक खिडकीत आहे, एक पेटीखाली आहे. तिसऱ्याचं नाव काढू नका. पाच वर्षं झाली. पाळकसाहेबांना बोलू नका म्हणजे झालं.”

मावशींनी एका दमात काकांना सगळं सांगितलं: पत्र, चार रविवार, पाऊणची बस. “आणि मी समजले, देवच नको म्हणतोय.”

काका शिडीवरून उतरले. “मावशी, मला धर्मातलं कळत नाही, मी घंटा वाजवतो. पण त्या गोष्टीतला तो बाप धावत सुटला, तेव्हा आधी फळा बघून आला होता का?”

“कुठल्या गोष्टीतला?”

“दोन रविवारांमागच्या प्रवचनातल्या. पाऊण तास चालली होती. तुम्ही तर पहिल्या बाकावर होतात.”

“मी वर बघत होते,” मावशी म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. मावशी उठल्या. पिशवी बाकावरच राहिली. त्या धावत सुटल्या, म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढ्या. काका पिशवी घेऊन त्यांच्यामागे गेले. मला दाराच्या चौकटीपुरतंच दिसतं. चौकटीत आधी दोघं होती, मग नुसतं ऊन होतं.

मंगळवारी चर्चमध्ये मोठा पडदा आला. आता गीताचे शब्दच त्याच्यावर उमटतात. आकड्यांची गरज संपली. मला उतरवून अडगळीच्या खोलीत ठेवलं, तेही तोंड भिंतीकडे करून. बस चुकली की मिळाली, आई पोचली की नाही, पहिला शब्द कोण बोललं, मला काही ठाऊक नाही. काकांना ठाऊक असणार. झाडू न्यायला ते रोज येतात. पण माणसं फळ्याला काही सांगत नाहीत, आणि फळ्याला विचारता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी शेवटी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. घ्या, कुणी धूळ पुसली तर मलाही बरं वाटेल. पण घरात एखादं पत्र उत्तराविना पडलं असेल, तर आधी ते बघा. देव बोलतो, मी स्वतः ऐकलं आहे, चांगला पाऊण तास बोलत होता. तेवढा वेळ माझ्याकडे बघत बसू नका. मी लाकूड आहे. माझ्या भरवशावर कुणी बस चुकवू नये.