बत्तीस पिशव्यांची झोळी

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि घराघरांत पिशव्यांचा सुळसुळाट झाला. हसू नका, अगदी असंच झालं. बाजारात जायचं, कापडी पिशवी घरी विसरायची, दुकानातून नवी घ्यायची आणि "पुढच्या वेळी नक्की आणू" म्हणत घरी यायचं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. पिशवीकाकूंच्या घरी तर कहर होता. दारामागे पिशवी, त्या पिशवीत पिशव्या, बाल्कनीच्या दोरीवर पिशव्या. औषधवाल्याची, बँकेची, चपलांच्या दुकानाची, आणि एक कुठल्याशा दाताच्या डॉक्टरची, जिच्यावर भलामोठा दात हसत होता.

काकू एकही टाकू देत नसत. बॅगांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी पट्टे शिवले होते. पट्ट्याच्या टोकाला चौकोनी टीप, चौकोनात फुली, वर पुन्हा एक टीप. शिवलेली वस्तू कचऱ्यात पाहिली की त्या उचलून घरी आणायच्या.

"अहो आई," एकदा सून वैतागून म्हणाली, "आता या घरात एक तर मी राहीन नाहीतर या पिशव्या."

"बरं. जाताना दोन घेऊन जा," काकू म्हणाल्या. "सामान लागेलच की तुझं."

सुनेला राग यायच्या आधी हसूच आलं. बाई तशी गुणाची होती.

काकूंचं घर तळमजल्यावर, सोसायटीच्या चेअरमनच्या अगदी समोर. पाचव्या मजल्यावर हेडबाई एकट्या राहायच्या. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना हेडबाईच म्हणायची. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच महिन्यात लिफ्ट बंद पडली. पाच महिने बाईंचा पाय जमिनीला लागला नव्हता. काकू रोज त्यांचा बाजार वर पोचवायच्या आणि उतरताना चेअरमनच्या नावाने बोटं मोडायच्या.

कारण लिफ्ट नुसती बिघडली नव्हती, तिला बिघडलेली ठेवली होती. दुरुस्तीचा पैसा चेअरमनना आवारात गाड्यांसाठी शेड बांधायला हवा होता. आवारात सभा झाली. नियम असा की घरटी एक मत, आणि ते द्यायला माणूस स्वतः खाली हजर पाहिजे. चिठ्ठी चालत नाही, फोन चालत नाही. लिफ्टची मागणी तीन मतांनी पडली. वरच्या मजल्यांवर चार घरांत चार एकटी माणसं बसून राहिली होती: हेडबाई, पायाला प्लास्टर असलेले घड्याळवाले मामा, आणि सहाव्या मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन आजी. त्या दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण लिफ्ट दोघींनाही हवी होती. बघा काय अक्कल! ज्याला लिफ्ट हवी त्याने आधी जिना उतरून यायचं आणि मग लिफ्ट मागायची.

शेवटची सभा तीन आठवड्यांवर आली. या वेळी पडली की पैसा शेडला जाणार आणि लिफ्टचं नाव पुढची कित्येक वर्षं कुणी काढणार नाही.

"मला बाकी काही नको," हेडबाई म्हणाल्या. "मला मत द्यायचंय. जन्मभर पोरांना उभं राहून बोलायला शिकवलं आणि आता मीच घरात कोंडलेली. लाज वाटते गं."

काकूंच्या हातात बटाट्यांची पिशवी होती. पट्टा बोटांत रुतला होता, पण टाका जागचा हलला नव्हता. काकू त्या टाक्याकडे बघतच राहिल्या.

"बाई, तुमचं वजन किती?"

"अगं, वय विचार हवं तर. वजन कसलं विचारतेस!"

"सांगा हो."

"अठ्ठावन्न."

काकू जिना उतरल्या त्या थेट मशीनवर जाऊन बसल्या. बाल्कनीतल्या चांगल्या रंगीत पिशव्या उसवल्या, जोडल्या, दुहेरी केल्या आणि चार बाजूंना चार दणकट पट्टे असलेली, माणूस बसेल एवढी झोळी शिवली. एकेक फुली अशी मारली की कारखान्यातल्या मुकादमानेही मान डोलावली असती. भाजीवाल्याकडून साठ किलो बटाटे उसने आणून झोळीत भरले. पुढे मुलगा, मागे तिसऱ्या मजल्यावरची नर्स आणि तिचा नवरा, चौथी सून. पहिल्या मजल्यावरून निघाले. तीन पायऱ्या उतरले आणि चर्रर्र!

साठ किलो बटाटे जिन्यावरून धडधडत गेले आणि थेट चेअरमनच्या दारावर आपटले.

चेअरमननी दार उघडलं. पायाशी बटाटे, वर चार माणसं, चौघांच्या हातांत चार पट्टे. पट्टे शाबूत, टाके शाबूत. फाटलं होतं ते कापड.

"काकू, म्हाताऱ्या माणसांना यात घालून आणणार होता? जीव घ्याल कुणाचा तरी. आणि तुम्ही तळमजल्यावर राहता, तुम्हाला हो काय करायचंय लिफ्टशी?"

काकूंनी खाली बसून बटाटे गोळा केले. घरी येऊन त्या फाटलेला तुकडा चोळत बसल्या तर त्याचा बोटांत भुगा झाला. कापडासारखी दिसणारी, पण मुळात प्लॅस्टिकचीच ती पिशवी, दोरीवर दोन वर्षं उन्हात लटकलेली. कारखान्यात कापड दुसऱ्या खात्यातून तपासून यायचं. अठ्ठावीस वर्षांत काकूंनी फक्त टाका पाहिला, कापडाला कधी हातच लावून बघितला नव्हता. त्या बटाट्यांच्या जागी हेडबाई असत्या तर? काकूंना रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडबाईंना सगळं खरं सांगितलं आणि म्हणाल्या, "मला नाही जमायचं."

"मुलाचं गणित चुकलं की मी पाटी फोडत नव्हते," हेडबाई म्हणाल्या. "कुठे चुकलं ते कळलं ना? मग पुन्हा मांड. मी यायला तयार आहे."

मग काकूंनी कापड तपासायचं खातंही स्वतःकडे घेतलं. घरोघर हिंडल्या. "जास्तीच्या पिशव्या द्या." लोकांनी ढीगच्या ढीग काढून दिले, वर आभारही मानले. काकू प्रत्येक पिशवी जमिनीवर टाकायच्या, तिच्यावर पाय द्यायच्या आणि पट्टा धरून सगळ्या ताकदीनिशी वर खेचायच्या. फाटली की उजवीकडे, टिकली की डावीकडे. सूनही पदर खोचून उभी राहिली. चार दिवस घरात नुसती चर्रर्र, चर्रर्र. तीनशे पिशव्यांतून बत्तीस टिकल्या, जाड विणीच्या. दाताच्या डॉक्टरचीही टिकली. नव्या झोळीत या वेळी पंचाऐंशी किलो बटाटे घातले आणि सहाव्या मजल्यापासून तळापर्यंत तीनदा आणले. एकही बटाटा पडला नाही. मग काकू स्वतः झोळीत बसल्या आणि चौथी खेप त्यांची झाली. मुलाने तोंड वाकडं केलं, पण उचललं.

सभेच्या सकाळी चेअरमननी जिन्यात कागद चिकटवला: जिन्यातून अवजड सामान नेण्यास मनाई आहे.

"सामान?" हेडबाई पाचव्या मजल्यावरून ओरडल्या. सगळ्या इमारतीने तो शाळेचा आवाज ऐकला. "मी सामान नाही! चला, उचला मला!"

नर्सने सगळ्यांना बजावलं, पाठ ताठ, वाकायचं ते गुडघ्यातून, पाऊल टाकायचं ते माझ्या आकड्यावर. हेडबाई इस्त्रीची साडी नेसून झोळीत बसल्या. झोळीच्या पोटावर तो भलामोठा दात हसत होता. काकू पुढे उलट्या उतरत होत्या, नजर पट्ट्यांवर. मजल्यामजल्यावर दारं उघडत होती. शेवटची पायरी उतरून हेडबाईंचे पाय फरशीला लागले तेव्हा काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, पुढचा नंबर."

मामा आले. मग एक आजी आल्या आणि मग दुसऱ्या. पहिलीने खुर्ची सरकवली आणि नऊ वर्षांनी तोंड उघडलं, "बस."

हात वर झाले. शेडला अकरा, लिफ्टला बारा. चेअरमननी दोनदा मोजले.

"ठराव मंजूर," ते शेवटी म्हणाले. "काम होईल सवडीने, दोन-तीन महिन्यांत. आता या चौघांना वर नेऊन सोडा."

"वर कशाला?" हेडबाई म्हणाल्या. "आम्ही लिफ्टनेच वर जाणार."

"अहो, पण तोवर राहणार कुठे?"

"माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "फाटक्या पिशव्या पोत्याने पडल्यात, चार गाद्या सहज भरतील. दिवसा बसतील तुमच्या दारासमोर, तिथे वारा छान येतो. मला लिफ्टशी काय करायचंय असं विचारलं होतं ना तुम्ही? आता माझ्या घरात चार पाहुणे आहेत, ते जाईपर्यंत मला लिफ्टशीच करायचंय."

सुनेने आतून चार खुर्च्या आणल्या आणि चेअरमनच्या दारासमोर ओळीने मांडल्या. चौघं बसली. हेडबाईंनी चष्मा नीट केला आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं चेअरमनकडे बघितलं.

चेअरमननी खिशातून फोन काढला. लिफ्टवाल्याचा नंबर शोधावा लागला नाही. तो पाच महिने त्यांच्याकडे होताच.