मागचे दिवे

समजा, तुम्ही एका गाडीच्या मागे उभे आहात. आत बसलेला माणूस दिव्यांचं बटण फिरवतो आणि ओरडून विचारतो, "लागले का?" तुम्ही फक्त बघायचं आणि सांगायचं. आता असंही समजा, की त्याच गाडीत नवाकोरा स्टिरिओ बसवून झालाय, तुम्ही सकाळपासून वायरी धरून धरून कंटाळलात, आणि पहिलं गाणं कोण लावणार यावरून तुमची बाबांशी पैज लागलीय. अशा वेळी तुम्ही दिव्यांकडे बघाल, की पुढच्या दाराकडे पळाल?

आश्लेषा पळाली होती. दाराच्या मुठीवर हात ठेवता ठेवताच ती ओरडली होती, "लागले!"

"पक्का?" बाबांनी विचारलं होतं.

"पक्का!"

आणि बाबा अभंग शोधत असतानाच तिने आपलं पंजाबी गाणं लावून टाकलं होतं. झिरकपूरच्या त्या सोसायटीतलं अर्धं पार्किंग दणाणलं. हे काल, रविवारी दुपारी झालं.

आज सोमवार, संध्याकाळ. बाहेर अंधारून आलं होतं आणि खिडकीतून समोरची इमारत दिसेनाशी झाली होती. सकाळी छान ऊन होतं, पण इथलं जानेवारीतलं धुकं असंच येतं. चहा पिऊन होईपर्यंत रस्ता नाहीसा होतो. आश्लेषा जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती. बाबा कुकर लावत होते. फोन वाजला, तेव्हा त्यांचे हात तांदळाच्या पाण्याने ओले होते, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"अहो, गाडीचं काहीतरी झालंय," आई म्हणाली. तिचं ऑफिस सेक्टर ३४ मध्ये. "दिवे लावले तरी डायल काळाच. किती स्पीड आहे ते दिसतच नाही."

"पुढचे दिवे?"

"ते लागतायत. समोरच्या भिंतीवर उजेड पडलाय."

बाबा विचार करू लागले. त्यांची बँकेतली नोकरी बदलीची. परभणीहून नागपूर, नागपूरहून इकडे पार उत्तरेत. प्रत्येक गावी ते घरातलं सगळं स्वतः दुरुस्त करत. पंखा, नळ, मिक्सर, आणि आता स्टिरिओ. एखादी गोष्ट बिघडली की त्यांच्या चेहऱ्यावर आधी थोडा आनंदच दिसे.

"हे बघ रागिणी," ते म्हणाले, "डायलचा उजेड आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. मागचे तर काल काम संपल्यावर आपण तपासले. आशूने बघितले. म्हणजे फ्यूज चांगला आहे. डायलचा बल्ब गेला असेल, दुसरं काय. स्पीड नाही दिसला तरी चालेल, नाहीतरी या धुक्यात तू वीसच्या वर जाणार नाहीस."

"वीस? तुमच्यासारखी सायकल चालवत नाही मी."

"मॅडम, हळू या एवढंच म्हणणं आहे."

"येते. काचेवर दव साचलंय, पुसते आणि निघते."

फोन बंद झाला. बाबांनी कुकरचं झाकण फिरवलं.

आश्लेषाच्या वहीत सातातून नऊ वजा करायचे होते आणि हातचा घ्यायचं ती विसरली होती. तिला आकडे दिसत होते, पण ती बघत नव्हती. गेल्या आठवड्यात शाळेच्या बसमधून एअरपोर्ट रोडवर तिला चार गाड्या एकात एक घुसलेल्या दिसल्या होत्या. ड्रायव्हर अंकल म्हणाले होते, "धुंध में आगे वाला दिखता ही नहीं, बेटा. बस लाल बत्ती दिखती है." बसमधली सगळी मुलं खिडक्यांना चिकटली होती. तीही.

बाबांचं सगळं गणित एका आकड्यावर उभं होतं, आणि तो आकडा तिने न बघताच सांगितला होता.

कदाचित लागलेही असतील, तिने स्वतःला सांगितलं. लागलेच असतील. रोज लागतात. तिने खोडरबर उचललं आणि नऊ खोडला. मग सात खोडला. मग पान फाटेपर्यंत ती नुसतीच खोडत राहिली.

"अगं, काय चाललंय?"

"बाबा, आई को रोको."

"काय?"

"मी बघितलंच नव्हतं. काल. मी पुढे आले होते. गाण्यासाठी." तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "मी तशीच 'लागले' म्हणाले."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. आणि लगेच फोन उचलला.

रिंग गेली. जात राहिली. कुणीच उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. आता ते खिडकीशी जाऊन उभे राहिले होते, जणू तिथून सेक्टर ३४ दिसणार होतं. आश्लेषाने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. कुकर शिट्टी द्यायच्या बेतात होता. बाबांनी गॅसच बंद करून टाकला.

"अहो, काच पुसू तरी द्या!" आईचा आवाज आला. "फोन सीटवर होता."

"निघालीस?"

"कशी निघणार? मी बाहेरच आहे."

"तशीच मागे जा आणि दिवे बघ."

पावलं वाजली.

"काळोख आहे हो," आई म्हणाली. "एकही नाही."

बाबा खुर्चीत बसले. मग बाबांचा आवाज कामाचा झाला. "फ्यूज उडालाय. स्टेअरिंगच्या खाली गुडघ्याशी एक झाकण आहे, ते ओढ. झाकणाच्या आतल्या बाजूला एक जास्तीचा फ्यूज खोचलेला आहे. एकच आहे, हं. जुना उपटून तो लाव."

"नखांनी निघत नाही. थांबा, पर्समध्ये चिमटा आहे. भुवयांचा."

"चालेल."

"बाबा, नको!" आश्लेषा उठून उभी राहिली. "आधी ती नारिंगी वायर."

"कुठली?"

"जी कुठेच जोडली नाही. नव्या स्टिरिओला ती लागत नाही म्हणालात. तिला टेप लावायची होती आणि टेप संपली. तुम्ही म्हणालात, राहू दे, आत ढकल. मीच ढकलली."

बाबांनी कपाळावर हात मारला. दिवे लावले की त्या वायरीत वीज यायची. तिचं उघडं टोक आत कुठेतरी पत्र्याला टेकलं असणार. असं झालं की फ्यूज स्वतः जळतो, म्हणजे गाडी जळत नाही. आता नवा लावला असता, तर दिवे लावताच तोही गेला असता, आणि दुसरा नव्हता.

"तू सांग तिला," बाबा म्हणाले. "माझा हात तिथे जात नव्हता म्हणून तर तुला बसवलं होतं."

आश्लेषाने फोन दोन्ही हातांत धरला. "आई, लाइट बंद कर. किल्ली काढ. डावीकडचा खण उघड आणि त्यातलं सगळं बाहेर काढ. आता दोन्ही बाजूंनी दाब, तो पूर्ण खाली येतो."

"आला."

"आता हात आत घालून वर. उजवीकडे. वायरींचा गुच्छा लागतो?"

"गार लागतंय काहीतरी."

"ती लोखंडी पट्टी. तिच्या मागे एक वायर सुटी आहे. बाकीच्या ओढल्या तर येत नाहीत, ती येते. हळू ओढ."

पलीकडे खुडबुड झाली. काहीतरी पडलं. आई "आई गं" म्हणाली. मग: "नारिंगी! आली. टोक काळं पडलंय."

"त्याला काहीतरी गुंडाळ."

"माझ्याकडे बँडेजची पट्टी आहे, जखमेवर लावायची. तिचा कागद काढून घट्ट चिकटवून गुंडाळते. चालेल का हो?"

"आजच्यापुरती चालेल," बाबा वाकून म्हणाले. "आणि त्या लोखंडी पट्टीपासून लांब ठेव."

मग चिमट्याने जुना फ्यूज निघाला. नवा बसला. ते दोघं टेबलाशी वाकून, फोनवरच्या आईच्या नावाकडे बघत होते, जणू दिवे तिथेच लागणार होते.

बटण फिरल्याचा आवाज आला.

"डायल लागला!" आई ओरडली. "सगळं दिसतंय, पेट्रोल पण दिसतंय!"

बाबांनी आश्लेषाच्या पाठीवर एक जोरात थाप मारली.

"आणि मागचे?" आश्लेषाने विचारलं.

"लागले, लागले. चला, निघते आता, खूप गारठलेय."

बाबा कुकरकडे वळलेसुद्धा. आश्लेषा मात्र तशीच उभी राहिली. तिने नीट ऐकलं होतं. बटणाचा आवाज आला होता, आईचा आला होता, आणि मध्ये दुसरं काहीच आलं नव्हतं. दार उघडलं नव्हतं. पावलं वाजली नव्हती. आईचं ते 'लागले' तिच्या चांगलंच ओळखीचं होतं.

ती आईला खोटारडी म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "कसे दिसतायत?"

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. ओल्या रस्त्यावर पावलं वाजली, एका बाजूने मागे गेली, आणि थांबली.

"दोन्ही लागलेत, आशू," आई सावकाश म्हणाली. "धुक्यात जरा फुगल्यासारखे दिसतात. डाव्या काचेवर चिखल आहे, म्हणून तो मंद वाटतोय."

"पूस ना मग," आश्लेषा म्हणाली.

ती फोन कानाशी धरून थांबली. रुमाल काचेवर घासल्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबली, आणि मगच तिने फोन बाबांच्या हातात दिला.