माझ्या अंगावरचा नारळाचा डाग

मी एक जुनी ताडपत्री आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावरचा एक डाग मी कुणालाही धुऊ देत नाही. तो कसा पडला, ते ऐका.

माझं जाड कापड कबनूरच्या मागावर विणलं गेलं. पहिली काही वर्षं मी मार्केट यार्डात गुळाच्या भेल्यांवर पांघरलेली असायची. मग एका कोपऱ्याला फाटले आणि माझी किंमत संपली. दोन पावसाळे मी एका भिंतीमागे चिखलात पडून होते. तिथून मला उचललं ते गडमुडशिंगीच्या हंबीररावांनी. ते गिलाव्याचे मिस्त्री. त्यांच्या पत्नी चिमणाबाई त्यांना सिमेंट-वाळूचा माल कालवून देतात. चिमणाबाईंनी मला घासून धुतलं, ठिगळ लावलं आणि म्हणाल्या, "अजून लई दम हाय हिच्यात."

नव्या इमारतीत गिलावा करणं सोपं असतं. खाली धूळच असते, काय बिघडणार? पण माणसं राहत असलेल्या घरात ओल आलेली भिंत सोलून पुन्हा गिलावा करायचा, म्हणजे खाली चकचकीत फरशी, शेजारी सागवानी दार. म्हणून हंबीररावांचा एक नियम आहे. काम धरण्याआधी ते घरमालकाला बरोबर घेऊन खोलीभर फिरतात. थापीच्या लाकडी मुठीनं एकेक फरशी वाजवतात. आधीची चीर दिसली की तिच्यावर खडूनं खूण करतात. मग मला अंथरतात आणि म्हणतात, "आता हितनं फुडं जे फुटंल ते माझं."

राजारामपुरीत विजयसिंहांच्या घरी असंच झालं. दिवाणखान्यात एकही खूण करावी लागली नाही. फरशी नवी कोरी होती. मला अंथरलं. तेवढ्यात विजयसिंहांच्या आई, झुंबरबाई, नारळ घेऊन आल्या. कामाचा नारळ घरच्या कर्त्यानं फोडायचा, ही रीत. एरवी तो दगडावर फुटतो. चौथ्या मजल्यावर दगड कुठला आणायचा? फरशीवर पाणी सांडू नये म्हणून विजयसिंहांनी तो माझ्यावरच आपटला. तीन वेळा. हंबीररावांचे ओठ हलले, पण शुभ कामात तोंड कसं घालायचं, म्हणून ते गप्प राहिले.

मित्रांनो, मी ओल अडवते, धूळ अडवते. घाव अडवत नाही. तिसरा घाव माझ्यातून आरपार गेला आणि माझ्याखाली काहीतरी कट्कन वाजलं. मला तोंड असतं, तर मी तेव्हाच ओरडले असते.

काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी लाकडी घोडी सरकवताना दाराच्या चौकटीला ओरखडा गेला. कुणी पाहिलं नव्हतं. हंबीररावांनी स्वतः स्वयंपाकघरातून विजयसिंहांच्या पत्नीला, वर्षाराणींना, बोलावून आणलं. "वैनी, ह्यो वरखडा माझा. उद्या पॉलिशवाला आणतो." आणि आणलाही.

चौथ्या दिवशी भिंत आरशासारखी झाली. चिमणाबाई मला गुंडाळू लागल्या. अर्धी गुंडाळली, आणि खाली एक फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली!

"अगंबाई!" वर्षाराणी म्हणाल्या. "घमेलं आपटलं तुम्ही!"

"घमेलं भिंतीकडंला हुतं, वैनी," चिमणाबाई म्हणाल्या. " खोलीच्या मधी आणून मी काय त्याची आरती करू?"

विजयसिंह शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, नियम तुमचाच आहे. वाजवून घेतलीत तेव्हा चांगली होती. आता असली फरशी मिळत नाही, सगळा हॉल बदलावा लागेल. खालचे पाटील तुम्हाला काम देणार आहेत, त्यांना आम्ही काय सांगायचं? जाऊ दे, अर्धं तुम्ही सोसा, अर्धं आम्ही."

दुसरा कुणी असता, तर नाव वाचवायला मान डोलावून मोकळा झाला असता. हंबीरराव ताठ उभे राहिले.

"अर्धी चूक कशी असती, मालक? चौकट माझी हुती, ती अख्खी माझी. ही माझी असंल तर अख्खा हॉल माझा. नसंल तर एक टवकाबी न्हाय."

"मग कुणाची?"

माझा अर्धा भाग अजून जागेवरच होता. गुंडाळलेला भाग हंबीररावांनी होता तसा परत उलगडला आणि जिथं खाली चीर होती, तिथली माझ्यावरची सिमेंटची पूड ओल्या फडक्यानं पुसली. खालून तपकिरी, चिकट डाग वर आला. त्यात नारळाच्या शेंडीचे तीन केस अडकलेले होते.

मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून झुंबरबाई बोलल्या, "विजा, नारळ कुणी फोडला रं? का त्योबी मिस्त्रीनंच फोडला?"

विजयसिंहांचे कान लाल झाले. "मी म्हटलं, खाली ताडपत्री आहे…"

"ताडपत्री हाय, गादी न्हाय!" झुंबरबाई म्हणाल्या.

हंबीरराव हसले नाहीत. "मी तुमास्नी थांबवाय पायजे हुतं. त्येवढं माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

त्या फरशीवर आता विजयसिंहांचा टीपॉय असतो. आणि खालच्या पाटलांकडे हंबीररावांसाठी शब्द टाकायला झुंबरबाई स्वतः जिना उतरून गेल्या.

त्या संध्याकाळी चिमणाबाई मला धुवायला बसल्या. डागाशी आल्या आणि थांबल्या. "ऱ्हाऊ दे," हंबीरराव म्हणाले. तेव्हापासून माझ्या घडीत एक चपटा दगडही असतो, नारळासाठी. जड आहे, पण मी कुरकुरत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कामाला माणसं आली, की बोट दाखवण्याआधी फडकं घ्या आणि पुसून बघा. आपल्या हातून काही मोडलं, तर कुणी विचारायच्या आत सांगा. आणि जे तुम्ही मोडलंच नाही, त्यातलं अर्धंही पदरात घेऊ नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी. मला वापरून झालं की झाडा, उन्हात वाळवा, नीट घडी घाला. फक्त त्या डागाला हात लावू नका. तो माझा आहे.