फळीची उंची

बाबा सुतार. मी आराखडे काढायचं महागडं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा म्हणाले, "रेघच मारायची ना? मग पेन्सिलीला काय धाड भरलीय?"

मी चिडले. आमचंच स्वयंपाकघर मापून स्क्रीनवर हुबेहूब उभं केलं आणि त्यात आईच्या उंचीची बाई ठेवली. तिचा हात वरच्या फळीला लागेना.

बाबा बघतच राहिले. तीस वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या फळ्या स्वतःच्या उंचीने ठोकल्या होत्या.

"अगं, कधी बोलली का नाहीस?"

"इतक्या हौसेने केलं होतंत," आई स्टुलावरून डबा घेऊन उतरत म्हणाली.

"वसूल झालं तुझं सॉफ्टवेअर," बाबा मला म्हणाले. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, आईला भिंतीशी उभं केलं आणि तिचा हात सहज पोचला तिथे रेघ मारली.