अंबाड्यातली पेन्सिल

ताईंच्या अंबाड्यात कायम एक हिरवी पेन्सिल खोचलेली असायची. मजकूर असो, चित्र असो, कोपऱ्यात ताईंची हिरवी खूण उमटल्याशिवाय कोणतीही जाहिरात त्यांच्या एजन्सीबाहेर पडत नसे.

ही रीत पडली ती एका खोलीच्या दिवसांत. तेव्हा खिडकीपाशी ताई लिहायच्या, दाराशी चित्रकार बसायचा आणि मधल्या टेबलावर जेवणाचे डबे नि कागद एकमेकांना खेटून नांदायचे. एकदा छत्रीच्या जाहिरातीत छत्रीच उलटी छापली गेली. छत्रीवाल्याने विचारलं, "यात पाणी साठवायचं का?" सगळे पोट धरून हसले, एक ताई सोडून. दुसऱ्या दिवशी पेन्सिल अंबाड्यात आली ती आलीच.

आता एजन्सीने अख्खा मजला व्यापला होता. पेन्सिल मात्र एकच. ताई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच दाराशी रांग लागायची. "ताई, दोनच मिनिटं." ती दोन मिनिटं मारुतीच्या शेपटासारखी लांबत जायची. दिवस मावळेपर्यंत ताईंनी शंभर जणांचं काम तपासलेलं असायचं आणि स्वतःची एक ओळही लिहिलेली नसायची.

अशात साबणवाल्या आजोबांचा फोन आला. एका खोलीतलं ते पहिलं गिऱ्हाईक. कारखाना मुलाच्या हाती सोपवण्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने एक शेवटचा साबण बनवला होता आणि त्यावर ताईंचेच शब्द हवेत म्हणून ते कधीचे थांबले होते.

"ताई, तुमची फुरसत आणि माझं वय यांची शर्यत लागलीय," आजोबा म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत जमलं नाही तर दुसरीकडून लिहून घेतो. राग नाही हो."

राग असता तर परवडलं असतं. ताईंनी कोरा कागद ओढला. तेवढ्यात छपाईचं काम पाहणारा मुकादम निळ्या रंगाच्या दोन छटा घेऊन आला. त्याच्या मागे गिऱ्हाइकं सांभाळणारा गोडबोल्या, आणि त्याच्या मागे चित्रविभागाची प्रमुख, म्हणजे ताईंची सख्खी भाची.

"तिघं तीन विभागांचे प्रमुख," ताई वैतागून म्हणाल्या, "आणि निळा कोणता ते मी सांगायचं?"

"आम्ही ठरवला तर तू बदलतेस, मावशी. मग आधीच विचारलेलं बरं." भाचीने हात पुढे केला. "ती पेन्सिल दे इकडे."

"आणि परत छत्री उलटी छापली गेली तर?"

"तर छत्रीवाला माझ्याकडे येईल. मी आधी हसेन, मग सुलटी करून देईन."

ताईंनी अंबाड्यातून पेन्सिल ओढली, कडाकड मोडून तीन तुकडे केले आणि तिघांच्या हातांवर ठेवले.

"टोक एकालाच आहे, ताई," मुकादम म्हणाला.

"मग काढा की टोक. प्रमुख म्हणवता ना? आणि उद्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं दार बंद. तिघांनी भांडूनही सुटलं नाही, तेवढंच दुपारी माझ्याकडे आणायचं."

दुसऱ्या दिवशी दार बंद झालं आणि ताईंना करमेना. कुणी दार वाजवत नव्हतं. बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं, तशा त्या उठून दारापर्यंत गेल्या, कडीला हात लावला, परत फिरल्या. आजोबांनी पाठवलेली साबणाची वडी समोर घेऊन बसल्या. चांगली घट्ट, जड वडी. बोट ओलं करून चोळून पाहिलं तरी झिजायला तयार नाही. ताईंना एकदम खिडकीपाशी बसून लिहायचे ते दिवस आठवले आणि हात आपोआप चालू लागला.

'हा साबण लवकर संपत नाही. घाई असलेल्यांनी दुसरा घ्यावा.'

फोनवर वाचून दाखवल्यावर आजोबा खोकेपर्यंत हसले. "आता त्या दुसरीकडच्यांना काय सांगू?"

"सांगा, घाई असलेल्यांनी दुसरं गिऱ्हाईक बघावं."

ताई बाहेर आल्या तेव्हा चपलांची जाहिरात छपाईला निघाली होती. मागे पिवळा रंग. ताईंनी पांढरा ठेवला असता. त्यांचा हात अंबाड्याकडे गेला. तिथे नुसते केसच.

"पिवळा जरा जास्त झालाय, ताई," गोडबोल्या म्हणाला.

"मला विचारतोयस?"

"नाही. सांगतोय."

"मग ठीक आहे," म्हणत ताई डबा उघडायला वळल्या, आणि सकाळी पेन्सिलीशिवाय घातलेला त्यांचा अंबाडा सुटून पाठीवर आला. इतकी वर्षं तो त्या पेन्सिलीच्याच आधाराने तग धरून होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. भाचीने हसत स्वतःच्या केसांतला आकडा काढला आणि मावशीला खाली बसवून अंबाडा नीट घालून दिला.